गंधकाचं मलम आणि खोटी चांदी

४ मार्च, सोमवार
हनुवटीवर पुन्हा एक. डावीकडे. परवाचा जिथे बसला, त्याच्याच शेजारी. वय सदतीस. सदतिसाव्या वर्षी पिंपल्स येत नाहीत, म्हणजे हे पिंपल्स नव्हेत. उष्णता असणार. किंवा फॅक्टरीच्या बाथरूममधला तो हिरवा साबण. तो कोण आणतं ते शोधून काढलं पाहिजे.
लग्नाला दोन महिने उरले. फोटोवाल्याला ॲडव्हान्स द्यायला गेलो तर म्हणाला, चेहऱ्याचं आपण नंतर कॉम्प्युटरवर बघू. मी त्याला चेहऱ्याबद्दल काही विचारलंच नव्हतं!

५ मार्च, मंगळवार
त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. भिंगातून बघून म्हणाल्या, त्वचा तेलकट आहे आणि हे पिंपल्स आहेत. मी म्हटलं, उष्णता. त्या म्हणाल्या, पिंपल्स. वाद घातला नाही. त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.
औषध काय, तर गंधक. सकाळी गंधकाचा साबण. झोपताना गंधकाचं मलम, पातळ, फोड असेल तेवढ्याच जागी. आठवड्यातून एकदा गंधकाचा मास्क, दहा मिनिटं. जास्त लावू नका, कातडी सुकते, असं दोनदा बजावलं.
दोनदा का? मी नळांच्या फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलला आहे. सप्लायर एखादी गोष्ट दोनदा सांगायला लागला की मी तो माल बाजूला काढतो. डोस कमी ठेवला की पेशंट वर्षभर येत राहतो. आणि केमिस्टचं दुकान बाईंच्याच जिन्याखाली. आणखी काय पुरावा हवा?
संकल्प: मास्क रोज. मलम दिवसातून तीनदा, सबंध चेहऱ्याला. आईला पत्ता लागू द्यायचा नाही.

७ मार्च, गुरुवार
मलम पिवळं आहे. वास आहे म्हणतात तसा काही फार नाही.
आईने सकाळी घरातली सगळी अंडी फेकून दिली. नासली म्हणाली. अंडीवाल्याला फोन करून त्याची बिनपाण्याने केली. मी पेपर वाचत होतो. मध्ये पडलो नाही. अंडीवाला तरी कुठे धुतल्या तांदळासारखा असेल?

९ मार्च, शनिवार
माझं लग्न जिच्याशी ठरलंय ती चष्म्याच्या दुकानात काम करते. इथे तिला चष्मेवालीच म्हणतो. वही कधी आईच्या हाती लागली तर नाव नको.
आज कॉफी प्यायला भेटलो. तिने पर्समधून चष्मा पुसायचं मऊ फडकं काढलं, ते उलगडलं. आत चांदीची अंगठी, जाडजूड, पुरुषी. तिच्या वडिलांची. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. म्हणाली, बाबांच्या बोटात ही कायम असायची. कपाटात पडून राहण्यापेक्षा तुमच्या हातात असली तर मला बरं वाटेल.
मी मोठा घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं. कॉफी फार गरम देतात तिथे.
अंगठी बोटात बेताची बसली. ती माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत होती. मोजत होती की काय?
संकल्प: अंगठी कधीच काढायची नाही. आंघोळीला नाही, मास्क लावतानाही नाही. शब्द म्हणजे शब्द.

११ मार्च, सोमवार
पॅकिंगचा सुपरवायझर माझ्या टेबलावर जेवतो. गेली कित्येक वर्षं. आज डबा घेऊन खिडकीपाशी गेला. हवा येते म्हणाला. त्याच्यामागोमाग अकाउंट्सच्या बाईही गेल्या. माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतंय. बहुतेक बढतीचं.
मास्क पंचवीस मिनिटं ठेवतो आहे. गाल ओढल्यासारखे होतात. म्हणजे काम चालू आहे.

१३ मार्च, बुधवार
अंगठीवर पिवळसर झाक. उजेडाचा दोष असेल.

१४ मार्च, गुरुवार
उजेडाचा दोष नाही. खिडकीत हात नेऊन पाहिली. कडेला तपकिरी, तळव्याच्या बाजूला जवळजवळ काळी.
टूथपेस्ट लावून घासली. लखलखली. मनाला बरं वाटलं. कशाला उगाच संशय घ्यायचा! हात धुतले, मलम लावलं, झोपलो.

१५ मार्च, शुक्रवार
सकाळी पुन्हा काळी.
खरी चांदी एका रात्रीत काळी पडत नाही. हे मला कोणी शिकवायला नको. पितळेचे नळ वरून चकचकीत करून आणतात आणि आम्हाला गंडवायला बघतात, असे किती पकडले. मुलामा तो मुलामाच.
प्रश्न असा की चष्मेवालीला हे ठाऊक आहे का? तिच्या आईला? माणसं साधी दिसतात. पण साधी दिसणारीच माणसं... असो. पुराव्याशिवाय बोलायचं नाही. तपास पद्धतशीर होईल.

१७ मार्च, रविवार
तुलनेसाठी अस्सल सॅम्पल लागतं. आईच्या कपाटातून चांदीचा चमचा घेतला. माझ्या बारशाला आजोबांनी दिलेला. मला त्याने भरवलं आहे, तेव्हा त्याच्या चारित्र्याबद्दल शंका नाही. बाटलीतला मास्क बोटाने काढणं अस्वच्छच. चमच्याने काढतो. तो चमचा बाटलीतच ठेवला. एका दगडात दोन पक्षी.

१८ मार्च, सोमवार
चमचा काळाठिक्कर!
दहा मिनिटं पलंगावर बसून राहिलो. म्हणजे आजोबांनाही फसवलं. बिचारे हौसेने पहिल्या नातवासाठी चमचा घेऊन आले असतील. सदतीस वर्षं घरात खोटा चमचा, आणि कुणाला दाद ना फिर्याद. आईला सांगितलं नाही. या वयात तिला सहन होणार नाही.
गालाची सालं निघतायत. जुनी कातडी जाते, नवी येते. सापाचंही असंच असतं.

२० मार्च, बुधवार
ताई काल आली होती. जाताना तिच्या चांदीच्या साखळीची कडी लागेना, ती मी लावून दिली. नुकतंच मलम लावलं होतं, घाईत हात पुसून आलो. आज तिचा फोन: साखळी मानेपाशी काळी पडलीय, तुझे हात कसले होते रे?
माझे हात! मी तिला शांतपणे समजावलं की दोष हाताचा नाही, साखळीचा आहे. ती तिला भावजींनी दिलेली. ताईने साखळी काढून ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, यांना विचारते संध्याकाळी.
तिघांची चांदी, तिन्ही खोटी. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. मागे टोळी आहे.

२१ मार्च, गुरुवार
अंगठी घेऊन सराफाकडे गेलो. (बोटातच होती. निघत नव्हती.) त्याने दगडावर घासली, थेंब टाकला, म्हणाला, चांदी चोख आहे. चमचाही दाखवला. तोही चोख. मग नाक आक्रसून मलाच विचारतो, आपण कुठल्या केमिकलच्या कंपनीत असता का?
विषय बदलला, हे लक्षात घ्या. सराफ त्यांना सामील.
भावजींचा फोन आला होता. माझ्याशी नीट बोलले नाहीत. खोट उघडी पडली की माणूस चिडतोच.

२३ मार्च, शनिवार
आज तो अप्रिय विषय काढला. मनाची तयारी करून गेलो होतो. सुरुवात मृदू, मध्य मुद्देसूद, शेवट आश्वासक.
चष्मेवालीच्या घरी ती आणि तिची आई, दोघीच. बाहेरच्या खोलीत बसलो. मी म्हटलं, तुमचा यात काही दोष नाही, पण ही अंगठी खोटी आहे. तुमच्या वडिलांना कोणीतरी फसवलं.
चष्मेवालीने विचारलं, खोटी म्हणजे?
मी म्हटलं, सॅम्पल फेल. आमच्याकडे असती तर रिजेक्टचा शिक्का बसला असता. तिची आई उठली. तिने माझ्यापुढचा चहाचा कप उचलला आणि आत गेली. चहा अर्धा शिल्लक होता.
मी आश्वासक शेवटाकडे वळलो. म्हटलं, कुणी जाणूनबुजून दिली असेल असं माझं म्हणणं नाही. चष्मेवाली म्हणाली, असं तुम्हाला वाटलं होतं तर. मी म्हटलं, सगळ्या शक्यता तपासाव्या लागतात.
तिने हात पुढे केला. अंगठी द्या. निघेना. मग मला मोरीपाशी नेऊन तिने माझ्या बोटाला साबण लावला, नळाखाली धरलं आणि फिरवत फिरवत सोडवली. बोटावर काळा वळ उमटला होता, तो तिने अंगठ्याने पुसून पाहिला. त्यांचा नळ गळत होता. वॉशर बदलून घ्या म्हटलं. चष्मेवालीने नळ घट्ट आवळला.
एकंदरीत बोलणं समजूतदारपणे पार पडलं. सत्य कडूच असतं.

२५ मार्च, सोमवार
तोंड धुताना डोळ्यांतून पाणी आलं. चेहरा म्हणजे उन्हात विसरलेला पापड. फॅक्टरीत गेलोच नाही, थेट डॉक्टरीणबाईंकडे.
त्यांनी विचारलं, किती लावता? मी म्हटलं, सांगितलं तेवढंच. त्या बघत राहिल्या. मग मी म्हटलं, थोडं जास्त. किती जास्त? सगळं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. आठ दिवस सगळं बंद, मग फक्त मलम, तेही वाटाण्याएवढं.
उठताना माझ्या बोटाचा डाग त्यांना दिसला. सहज म्हणाल्या, "चांदी काढून ठेवत जा हो लावताना. गंधकाने काळी पडते."
मी विचारलं, कुठली? म्हणाल्या, कुठलीही. खरी असेल तर पडणारच.
जिना उतरून खाली आलो. केमिस्टच्या दुकानासमोर उभा राहिलो. त्याने विचारलं, काय हवं? मला काही आठवेना.

२६ मार्च, मंगळवार
विचार केला. चूक कुणाची, हे नीट पाहिलं पाहिजे. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सराफाने एक शब्द जास्त बोलायला हवा होता. चष्मेवालीनेही अंगठी देताना म्हणायचं ना, सांभाळा म्हणून.
ताईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मूर्खा, हे काल दोन्ही वेळा जेवायला न बसलेल्या माणसाला सांग. म्हणजे भावजींना. त्यांनाही फोन केला. उचलला नाही.
चष्मेवालीला मेसेज लिहिला. 'तांत्रिक कारणाने गैरसमज झाला.' खोडला. 'आपल्या दोघांच्याही लक्षात न आल्यामुळे.' खोडला. प्रत्यक्ष जाऊनच बोलावं.

२८ मार्च, गुरुवार
चष्म्याच्या दुकानात गेलो. ती एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकावर फ्रेम बसवत होती. कान दुखतो का, वाकून बघा, असं विचारत, दांडी काढून गरम करून पुन्हा लावत. मी स्टुलावर बसलो. ते गृहस्थ गेल्यावर मी सगळं सांगितलं. मलम, मास्क, चमचा, ताईची साखळी, सगळं.
ती म्हणाली, अंगठीचं मला कळलंच होतं. त्या दिवशी घासून ठेवली, तेव्हापासून ती पुन्हा काळी पडली नाही. आणि तुम्ही चेहऱ्याला काही लावता, हे पहिल्यापासून माहीत होतं. दिवसभर माणसांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असते मी. तुम्ही लाजत असाल म्हणून विचारलं नाही.
मी विचारलं, मग राग कशाचा?
तिने काउंटरवरच्या काचेवरून फडकं फिरवलं. म्हणाली, "अंगठी काळी पडली, तर तुम्हाला आधी बाबा खोटे वाटले. मग आई. मग मी. स्वतःचा हात शेवटपर्यंत दिसला नाही. उद्या भाजी खारट झाली तर घरात काय काय शोधत बसाल?"
मी म्हटलं, भाजीचं मी काही बोलणार नाही. ती हसली नाही. विचार करून सांगते म्हणाली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.
विचार करून सांगते म्हणाली, म्हणजे नाही म्हणाली नाही. हे महत्त्वाचं.

१ एप्रिल, सोमवार
फोन नाही. आजच्या तारखेला कोण फोन करणार? सुज्ञपणा आहे.
भावजींकडे जाऊन आलो. त्यांनी पाणी दिलं. बसा म्हणाले नाहीत.

३ एप्रिल, बुधवार
आजपासून मलम पुन्हा सुरू. वाटाण्याएवढं. वाटाणा लहान घ्यायचा की मोठा, हे विचारायचं राहिलं. लहान धरला.
सुपरवायझरने डबा माझ्या टेबलावर आणला. हसत बसला. मी त्याला काही विचारलं नाही.

७ एप्रिल, रविवार
चष्मेवालीच्या आईचा आईला फोन आला. फार चांगल्या बोलल्या. मुलीने खूप विचार केला, मुलगा वाईट नाही म्हणाली, पण तिला जमेलसं वाटत नाही. आई म्हणत राहिली, हो ना, हो ना. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता ओटा पुसायला लागली. स्वच्छ होता तो.
फोटोवाल्याला कळवलं.
मग तोंड धुतलं आणि आरशात पाहिलं. कपाळ, नाक, दोन्ही गाल, हनुवटी. दिवा लावून पाहिलं, खिडकीत जाऊन पाहिलं. एकही नाही. तेल नाही, डाग नाही. बाईंचं औषध चांगलं आहे.
आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, किती छान दिसतोयस रे.
का म्हणतेस, असं विचारणार होतो. नाही विचारलं. जेवायला बसलो.