टपालाच्या खेळाची बत्तीस पाने

सोमवार, ४ सप्टेंबर

घटना क्रमाने नोंदवते. पहिली: संख्याशास्त्र शिकवून उरलेल्या वेळात गेली चार वर्षे मी पटावरचा एक खेळ रचत आहे. खेळाडू पोस्टमन, शहरभर पत्रे वाटायची, ज्याची पत्रे आधी संपतील तो जिंकला. दुसरी: नियमपुस्तिका बत्तीस पानांची असून तीत एकही चूक नाही. तिसरी: एका प्रकाशकाने नवोदितांकडून खेळ मागवले आहेत; नमुना तीस तारखेपर्यंत पोहोचला पाहिजे. चौथी: हा खेळ आजवर माझ्याखेरीज कोणीही खेळलेला नाही.

चौथी घटना आजपर्यंत मला गैरसोयीची वाटली नव्हती.

शनिवार, ९

वाचनालयाच्या वरच्या खोलीत खेळ रचणाऱ्यांचा गट भरतो. म्होरके पेशाने सुतार. त्यांचे तीन खेळ छापून आले आहेत म्हणे! माझा पट (जाड पुठ्ठा, सोनेरी कडा, हाताने रंगवलेल्या एकशे वीस पत्रपेट्या) त्यांनी उजेडात धरला.

"बाई, हा फाडवेल तुम्हाला?"

"फाडू?"

"मग घोटाळा आहे. पहिला नमुना असा करायचा, की फाडताना जीव तुटू नये. पाठकोरे कागद, पेन्सिल, जुने पत्ते. बस्स!"

सुताराने मला पाठकोरे कागद शिकवावेत!

पुढचा सल्ला मात्र टिपून घेतला. 'आवडला का' असे विचारू नये, सगळे हो म्हणतात. 'जांभई कुठे आली' असे विचारावे.

गटाची एक रीत आहे. इतर खेळत असताना निर्मात्याने तोंडात लिमलेटची गोळी धरायची. ती विरघळेपर्यंत अवाक्षर काढायचे नाही. मी तीन गोळ्या चावल्या. तिसरी "पान अकरा, कलम चार!" असे ओरडताना.

रविवार, १०

नियम अधिक स्पष्ट केले. आता अडतीस पाने.

शनिवार, १६

जांभई नवव्या पानावर आली. तीन जणांना. एकदमच.

म्होरके म्हणाले, "खेळ घरोघरी जाईल, तेव्हा समजावून सांगायला तुम्ही डब्यात बसून जाणार का?"

घरी येताना चार उत्तरे सुचली, चारही उद्धट.

रविवार, १७

दुपारी सहकारी बाईंच्या घरी उत्तरपत्रिका देऊन परतले तर बैठकीच्या खोलीत हलकल्लोळ. वहिनी, तिच्या वॉर्डातल्या दोघी परिचारिका आणि दादा, माझा पट मांडून! न विचारता! नियमपुस्तिका उघडलेलीसुद्धा नव्हती. तिच्यावर गरम किटली ठेवली होती.

पत्रे लपवायची असतात. यांनी सगळी उताणी मांडलेली. वर वहिनी म्हणते, "अगं, माझं एक तुझ्या वाटेवर आहे, टाक की! मी तुझी दोन टाकते."

वॉर्डात यांचे असेच चालते म्हणे: तू माझा सहा नंबर बघ, मी तुझा नऊ.

इतक्यात दादाने वहिनीचे पत्र घेतले आणि मुद्दाम भलत्याच गल्लीत टाकले. काय आरडाओरडा! "लग्नाला वीस वर्षं झाली, आणि हे असं?" दादा डोळे पुसत हसत होता.

मी म्हणाले, "हे सर्वस्वी चूक आहे."

वहिनी ओशाळली. "अगंबाई! वन्सं, रागावू नका. तुमच्या पुस्तकासाठी रजा टाकावी लागली असती हो. शिकवा, तुमच्या पद्धतीनं खेळू."

खेळलो. दहाव्या मिनिटाला दोघींना अचानक ड्यूटी आठवली.

बुधवार, २०

सुतारांना सारे सांगितले. दादाला दोषी ठरवावे, ही अपेक्षा. त्यांनी एकच विचारले, "दुसरा डाव कुणी मागितला?"

मागितला होता. मी दारात उभी असताना. माझ्या पद्धतीनंतर नाही.

"पण वहिनीने नियम वाचलेच नाहीत!"

"तेच तर म्हणतोय."

हा मनुष्य असह्य आहे.

शुक्रवार, २२

माझीच बाजू सिद्ध करावी म्हणून कॉलेजच्या संगणकाकडून माझ्या नियमांचे हजार डाव खेळवून घेतले. चौघांत पहिली पाळी ज्याची, तो अठ्ठावन्न टक्के डाव जिंकतो.

अठ्ठावन्न! आणि मी संख्याशास्त्र शिकवते! चार वर्षे एकटी खेळले, चारही हात माझेच. कोण जिंकते आहे, हे बघणार कोण?

जेवले नाही.

मंगळवार, २६

नियम आता चार पाने. पत्रे उताणी. देवाणघेवाणीस मुभा. फसवणुकीस मुभा, हे कलम लिहिताना पेन दोनदा खाली ठेवले. संध्याकाळी गटातल्या अनोळखी चौघांनी पुस्तिका वाचून खेळ मांडला. मी गोळी धरून गप्प. पाऊण तासात भांडण, समेट, पुन्हा भांडण. आपणहून दुसरा डाव.

म्हणजे खेळ झाला. फक्त, तो मी केलेला नाही.

गुरुवार, २८

वहिनीच्या डब्याखाली ठेवलेल्या चिठ्ठीची नक्कल:

"वहिनी, प्रकाशकाच्या अर्जात निर्मात्यांच्या रकान्यात मी दोन नावे लिहिली आहेत. पहिले तुमचे. 'इश्श, माझं कशाला' हे तोंडी उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही. नमुना उद्या सकाळी नऊला रवाना होईल, तुमच्या सहीशिवाय होणार नाही. संमती आहे की नाही, हे त्यापूर्वी लेखी कळवावे."