शिंप्याचा चेहरा

४ मार्च
घरी पत्र नाही, पण प्रत्येक कैद्याला आपल्या चेहऱ्याचं चित्र पाठवता येईल! कमांडंटची मेहेरबानी. काढणार कोण — मी. सिमेंटच्या पिशवीचा कागद, जळक्या काटकीचा कोळसा. लढाईआधी नाटकांचे पडदे रंगवायचो, इथे खोटे गाल रंगवतो. घरचे घाबरतील म्हणून सगळ्यांना गुबगुबीत गाल हवेत. अख्ख्या बराकीला एकच थोबाड दिलंय. वीट आलाय.

९ मार्च
आज शिंपी बसला. माझ्या शेजारीच झोपतो. चौकशीत पुढचे दोन दात गेले, डावी पापणी लोंबते. म्हणाला, "दात घाल रे. आई बघेल." घातले.

तो झोपल्यावर त्याचा खरा चेहरा काढला, माझ्यासाठी. आयुष्यात इतकं चांगलं काही काढलं नव्हतं!

१० मार्च
शिंप्याला दाखवलं. "फाडून टाक हे," एवढंच बोलला. हो म्हणालो. गादीखाली ठेवलं. पोटात एक, ओठात एक.

१६ मार्च
शिंपी पळाला! तारेखालून. कोपराला कोपर लावून झोपायचो, पण मला कानोकान खबर नाही. आनंद झाला, रागही आला. भरवसा नव्हता म्हणजे माझ्यावर.

१७ मार्च
चित्रं घरी गेलीच नाहीत. एकूण एक कमांडंटच्या कपाटात! कुणी पळालाच तर ओळखायला हवीत, म्हणून काढून घेतली मेल्यानं. पटांगणात सगळ्यांदेखत शिंप्याचं चित्र नाचवलं. "हा कोण? सगळेच सारखे, आणि म्हणे चित्रकार!" मला म्हणाला. पहारेकरी खिदळले. आमची माणसंही मनातून खूश — बसा म्हणावं आता शोधत. मला मात्र ते झोंबलं.

मग झडती झाली. गादीखालचा कागद निघाला. कमांडंट बराच वेळ बघत राहिला. "म्हणजे येतं तुला," म्हणाला.

मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती. बरं वाटलं.

२२ मार्च
शिंप्याला पकडून आणलं. नाक्यावर माझा तो गादीखालचा कागद समोर धरला आणि ओळखलं म्हणे, एका नजरेत. कमांडंटनं मला बक्षीस दिलं — कोरे पांढरे कागद, खऱ्या पेन्सिली. पटांगणात, सगळ्यांसमोर. शिंपी तिथेच उभा होता. मी दोन्ही हातांनी घेतलं.