खड्ड्याकडे येणारी माणसं

हेब्बाळच्या पुढे, म्हैसूर

प्रिय भवानी,

तू पाठवलेलं संक्रांतीचं एळ्ळु-बेल्ल, इथला तिळगूळ, पोचलं. खोबरं अजूनही लहानपणी लष्कर मोहल्ल्यात कातरायचीस तितकंच बारीक कातरतेस, म्हणजे डोळे शाबूत आहेत. सोबतच्या पत्रात तू टोमणा मारलास, की कुसुमकडे सदा वर्दळ, तिला आमची आठवण यायला सवड कुठली, आणि आम्ही तरी त्या गर्दीत कशाला यावं. वाचून आधी हसू आलं, मग थोडं रडूही आलं. त्या वर्दळीचीच हकीकत आज लिहिते.

आमच्या परसाला लागून जो मुरमाचा खड्डा आहे, तो तू पाहिलेला नाहीस. तू शेवटची आलीस तेव्हा तिथे मोकळा माळ होता आणि आमचे हे संध्याकाळी तिथे फेऱ्या मारत. पुढे कारखाने वाढले, कंपन्यांच्या बसगाड्यांसाठी रस्ते रुंद करायचे निघाले, आणि एका कंत्राटदाराला तिथून मुरूम काढायचा परवाना मिळाला. परवाना संपला की खड्डा भरून, वर माती पसरून जागा होती तशी करून द्यायची, अशी अट होती. त्याने मुरूम नेला आणि खड्डा आमच्याकडे ठेवून गेला. हे गेले तेही त्याच साली. यंत्रांची घरघर थांबली आणि घरातलं बोलणंही थांबलं.

मग सुरू झालं, हा खड्डा कुणाचा. खाणींच्या खात्यातून वादिराज नावाचा एक तरुण अधिकारी येऊ लागला. त्याचं म्हणणं, आमचं काम परवाना देण्याचं, खड्डा भरून घेणं हे ज्याची जमीन त्याचं. तहसील कचेरीचे नरसिंहमूर्ती म्हणत, जमीन कधीच नगरविकासकडे गेली. नगरविकासवाले म्हणत, खड्ड्यासकट आम्ही ती घेतलेलीच नाही. हे ठरवायचं तर प्रत्येकाने येऊन पाहणी करायला हवी, आणि आसपास सावली म्हणावी तर माझाच व्हरांडा. पहिल्या खेपेला त्यांनी पाणी मागितलं, दुसऱ्या खेपेला मी कॉफी दिली. मग स्टीलचे नवे पेले आणले, वेताच्या दोन खुर्च्या नव्याने विणून घेतल्या. नरसिंहमूर्तींना साखर कमी लागते, वादिराजला काठापर्यंत फेस. एकदा दोघे एकाच वेळी आले आणि ‘निम्मदे स्वामी, निम्मदे’ म्हणत, म्हणजे तुमचाच हो तुमचाच, तो खड्डा एकमेकांकडे ढकलत बसले. पंगतीत शेवटचा लाडू दुसऱ्याच्या पानात ढकलावा तसं चाललं होतं. मला भारी मजा वाटली. तुला मी तेच लिहीत गेले, आज हे आले, उद्या ते येणार. कुणीच आलं नाही ते दिवस लिहिले नाहीत. त्या दिवशीही फिल्टरमध्ये कॉफीचं डिकॉक्शन, म्हणजे कोरा अर्क, घालून ठेवायची आणि संध्याकाळी एकटीच पिऊन टाकायची.

तुमच्या अंगणात रंगवलेल्या साड्या वाळल्या की आपण दोघी दोन टोकं धरून ताणायचो, आठवतं ना? घडी घालत घालत एकमेकींकडे चालत यायचं. तू मुद्दाम टोक सोडून द्यायचीस आणि मी मागे आपटायचे. आता चादरीचं एक टोक मी खिडकीच्या गजाला बांधते आणि दुसरं हातात धरून घडी घालते. बरं जमतं. खिडकी तुझ्यासारखी टोक सोडत नाही, पण हसतही नाही.

दिवाळीनंतर एकदाचं ठरलं. नगरविकासने खड्डा आपला म्हणून कबूल केला, माती कुठून आणायची तेही ठरलं. लॉऱ्या तेवढ्या माझ्या आवारातून जाणार, म्हणून माझी हरकत नाही अशी सही हवी होती. वादिराज कागद घेऊन आला, तर म्हटलं, विचार करते. पुन्हा आला, तर लिंबाचं झाड आड येतं असं मीच सांगितलं. त्यानंतर कुंपणाचं काढलं. भवानी, मला ना लिंबाचं पडलं होतं ना कुंपणाचं. सही दिली की खड्डा भरणार, आणि सपाट जमीन बघायला कोण येतं?

गेल्या आठवड्यात आमच्या दूधवाल्या चिक्कतायम्माची गाय कडा ढासळून खड्ड्यात गेली. दुपारभर तिचं हंबरणं मी घरात बसून ऐकलं. लोकांनी दोर लावून वर काढली, पण पाय कायमचा अधू झाला. दुसऱ्या दिवशी चिक्कतायम्मा नेहमीसारखी आली, दुसऱ्याच्या गोठ्यातलं दूध मापून घातलं आणि म्हणाली, ‘निम्म रुजु ओंदे बाकी अंते, अम्मा.’ तुमची एकटीचीच सही राहिली आहे म्हणे. आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते. दूध तापवायचं तसंच ठेवलं, रिक्षा केली आणि कचेरीत जाऊन सही दिली. वादिराजने बसायला खुर्ची दिली, कॉफी मागवली. फार गोड होती, पण संपवली.

कालपासून लॉऱ्या येताहेत. ड्रायव्हर खाली उतरतसुद्धा नाहीत, माती ओततात आणि निघून जातात. व्हरांड्यात दोन खुर्च्या आहेत आणि मी एकटी आहे, भवानी. इतकं सरळ तुला कधी लिहिलं नव्हतं. वर्दळ आहे म्हणून तू येत नव्हतीस, तर आता ती संपली. राहायला ये. सुनेला सांग, कुसुमला चादर धरायला माणूस हवं आहे. आणि येण्याची तारीख कळवू नकोस. खात्यातली माणसंही कधी कळवून आली नाहीत, पण माझ्याकडे डिकॉक्शन तयार नाही असं एकदाही झालं नाही.

तुझीच,
कुसुम