भिंतीवरचं लाटणं

मंगळवार, ४ जून

…तर चाळीतल्या त्या सकाळी मी कपडे पिळत होते. पाणी भरून झालं होतं, कणीक मळून झाकली होती, हे दाढीला बसले होते. तेवढ्यात शेजारच्या बुटकीने भिंतीवर लाटणं ठोकलं. आमचं ठरलेलंच होतं – तिचा नवरा मारायला लागला की ठोकायचं. हे अर्ध्या दाढीनिशी धावले. लाथेने कडी उखडली, त्याला गचांडी धरून जिन्यापर्यंत फरफटत आणलं. बुटकीच्या ओठातून रक्त येत होतं, पोरगा खाटेखाली लपलेला. आणि बुटकी यांच्यावरच उलटली! "माझा संसार मोडायला आलात?"

दुसऱ्या दिवशी हे पेचकस घेऊन गेले, कडी बसवून आले. मी चिडले तर म्हणाले, "देऊ दे शिव्या. ठोकलं की जायचं."

हे सगळं आज वर आलं, कारण आज बुटकीच भेटली! लेकीकडे इथे परदेशात आल्यापासून दारापुढच्या रस्त्यापलीकडे गेले नव्हते. आज बसथांब्यावर उभी, तर मागून हाक – "लांबे! मेली नाहीस अजून?"

नवरा कधीच गेला म्हणाली. मुलाकडे असते, याच शहरात.

मग काय, भटकलो. गप्पांच्या नादात चुकीच्या बसमध्ये चढलो, शेवटच्या थांब्यावर उतरवलं. तिथे तळं होतं. चपला काढून पाय सोडून बसलो, एकच आइस्क्रीम दोघींत खाल्लं. "तू मोठा घास घेतेस, पहिल्यापासून!" "तोंडच मोठं, काय करू?" हे गेल्याचं तिला कुणीतरी कळवलं होतं. "अर्ध्या दाढीचा देवमाणूस," म्हणाली. खूप हसलो.

उकाडा एवढा, तरी तिच्या बाह्या मनगटापर्यंत. भिजल्या म्हणून वर सारल्या – दंडावर वळ. जुने पिवळे, नवे जांभळे.

"न्हाणीघरात पडले."

"न्हाणीघराला बोटं असतात?"

"बाळ्याचं डोकं तापतं गं. बापाचं रक्त."

खाटेखालचा तो पोरगा!

"इथे पलीकडे कुणी नाही, लांबे. कुणासाठी ठोकू?"

"मी आहे की."

ती नुसती हसली.

दारापर्यंत सोडायला गेले. बाळ्यानेच उघडलं. "या मावशी," म्हणाला, गोड आवाजात. आणि मी उंबऱ्यात असतानाच तिला केसांना धरून आत ओढलं. "जेवण कोण करणार? बाप?" तिचं कपाळ चौकटीवर आपटलं. नारळ फोडल्यासारखा आवाज. दाराशी जाडजूड छत्री होती. छत्रीची मूठ त्याच्या मनगटावर हाणली. पुन्हा हाणली. काहीतरी कडकन मोडलं आणि – खोटं कशाला लिहू – मला बरं वाटलं. आणखी हाणावंसं वाटलं.

तर बुटकी उठली, कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरलेलं, आणि माझ्याच थोबाडीत मारली! "माझ्या लेकराला मारतेस? चालती हो!"

बुधवार, ५ जून

गाल सुजलाय. लेक घाबरलीये. "आई, त्यांचं ते बघतील. त्याने तक्रार केली तर तुलाच धरतील." तिने माझं परतीचं तिकीट उद्याचं करून घेतलं. मी हो म्हटलं.

पुस्तक घेऊन बसले. यांनी आणलेल्या रद्दीतून वाचायला शिकल्यापासून पुस्तकाने कधी दगा दिला नाही. आज दिला. एक पान पुढे सरकेना. हे असते तर यांनी काय केलं असतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर यांचा राग येतो. स्वतः गेले, आणि हे ठाऊक असणं माझ्या गळ्यात बांधून गेले.

गुरुवार, ६ जून

विमानाला गेले नाही. सकाळी बुटकीच्या दाराबाहेर जाऊन उभी राहिले. बाळ्याचं एकच मनगट मोडलं होतं, दुसरा हात मोकळाच – आत भांडी आदळत होती, त्याच्या शिव्या, तिची किंकाळी. मग भिंतीवर लाटणं. पलीकडे कुणी नाही म्हणाली होती, तरी ठोकत होती. लेकीने पाठ करून घेतलेला पोलिसांचा नंबर लावला, पत्ता सांगितला आणि दारावर लाथा घालायला लागले.