भिंतीपलीकडचा पहारेकरी

रविवार, २१ जून. पेण.

रोह्याला लेकीकडे जाऊन आले. सुमीने त्या लपूनछपून चोरी करायच्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग आणलाय. चित्रं झकास, चाल मोकळी. पण पहारेकरी आता भिंतीपलीकडूनही लाल दिसतात. हे मला नाय पटलं.

पहिला भाग ती लग्नाआधी इथं खेळायची. मी शेजारी बसून सांगायचे, "मागं बघ गो, आला." वर्षानुवर्षं गणपतीचे डोळे रेखते, माझी नजर चुकत नाय. माझ्याशिवाय ती पकडली जायची.

आज सवयीनं बोलले. सुमी हसली, "दिसतोय गो आई मला. लाल दिसतोय."

मग उठून चहा टाकला.

मी निघताना म्हणाली, पुढच्या रविवारी ये. येते म्हटलं. पण शेजारी बसून करू काय?