तूच इकडे ये

जे. पी. नगर, बंगळूर
१८ जानेवारी १९९६

ति. सौ. आईस,
शि. सा. न.

हे फोनवर सांगता आलं नसतं. बूथबाहेर माणसं ताटकळत असतात आणि मला रडू आवरत नाही. काल सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या, मग प्रणीतला आत बोलावलं. बाळाच्या पाठीचा कणा खाली नीट मिटलेला दिसत नाही, डोक्यातही पाणी जास्त वाटतं, असं म्हणाल्या. खात्रीसाठी मोठ्या इस्पितळात पुन्हा बघायचं आहे.

गर्भ काढता येईल का, असं प्रणीतने विचारलं. सहावा महिना लागलाय, कायद्याची मुदत उलटली, असं त्या म्हणाल्या. मुदत असती तर मी काय केलं असतं, मलाच ठाऊक नाही. तेव्हा बाळ पोटात हलत होतं.

बाबांना तूच सांग.

तुझी,
आशू

पुणे
२५ जानेवारी १९९६

चि. सौ. आश्लेषा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. बाळ कानडीत रडणार म्हणून तुझे बाबा रोज चिडवायचे, आता तेच पत्र पुन्हा पुन्हा काढून वाचतात.

तुझ्या सासूबाई येऊन गेल्या. ऑक्टोबरच्या ग्रहणात तू भाजी चिरली असणार, म्हणाल्या. मी उलट बोलले नाही. पण खरं सांग, तेव्हा बाहेर पडली होतीस का? रागावणार नाही. आपले डॉक्टर म्हणतात, मशिनंही चुकतात. सातव्यात मी तुला न्यायला येते. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. डिंक आणून ठेवला आहे.

जिवाला जप. प्रणीतला आशीर्वाद.

तुझी आई

जे. पी. नगर, बंगळूर
२० फेब्रुवारी १९९६

ति. सौ. आईस,
शि. सा. न.

मशीन चुकलं नव्हतं. दुसऱ्या सोनोग्राफीतही तेच दिसलं.

ग्रहणात मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. पण कणा पहिल्या महिन्यातच मिटायचा असतो, दिवस राहिल्याचं कळायच्याही आधी, असं डॉक्टर म्हणाले. ग्रहण त्यानंतरचं. एवढं सासूबाईंना सांगशील? पुढच्या वेळी दिवस राहण्याआधीपासूनच व्हिटॅमिनची एक गोळी घ्या, असंही म्हणाले. ‘पुढच्या वेळी’ हे शब्द ऐकले आणि मी उठून बाहेर आले.

बाहेर बाकावर आमच्या घरमालकीण वसुमती अक्का होत्या. प्रणीतला बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून निघता आलं नाही की त्याच सोबत येतात. त्यांचं मराठी अर्धं कानडी. माझा हात धरून स्वल्प धीर धर म्हणतात. थोडाच मागतात, म्हणून धरवतो.

दर पंधरवड्याला बाळाच्या डोक्याचं माप घ्यायचं आहे. सिझेरियन इथेच करायचं ठरलं, कारण लगेच पाठीचं ऑपरेशन करणारे सर्जन याच इस्पितळात आहेत. तेव्हा मला न्यायला येऊ नकोस. तूच इकडे ये. डिंक राहू दे तिथे. मला एकटीला हे झेपत नाही, आई.

वाट पाहते.

आशू

बंगळूर
२९ मे १९९६

ति. बाबांस,
शि. सा. न.

मुलगी झाली हे आईने फोनवर कळवलंच. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. पाठीची जखम भरते आहे. उजवा पाय झाडते, डावा ठेवू तिथेच राहतो. डोकं रोज मोजतात. पाणी वाढलं तर आत नळी बसवावी लागेल.

चालेल का, असं आईने सर्जनना विचारलं. आत्ताच सांगता येणार नाही, म्हणाले. आई तिथून नर्सकडे जाऊन पाठीवर दाब न येता दूध कसं पाजायचं ते शिकून आली. माझे टाके दुखतात म्हणून बाळाला माझ्या कुशीत तीच धरून ठेवते. प्रणीत काचेबाहेरून बघतो आणि कामावर जातो.

आईला स्वानंदी नाव आवडलं आहे. एवढं आनंदाचं नाव तोंडाने घ्यायची मला भीती वाटते. तूर्त मी तिला नुसतं बाळ म्हणते. तुम्ही या आणि ते नाव तुम्हीच पहिल्यांदा तिच्या कानात सांगा.

आम्हा तिघींवर माया असू द्या.

तुमची,
आशू