केस नाही म्हणजे गांजा नाही

अण्णा,

तुमच्या जागी आता मी पोलीस पाटील आहे. तुम्ही गेल्यावर बरीच वर्षं हे काम दुसऱ्या घरात होतं. मग जागा बाईसाठी निघाली, परीक्षा झाली आणि गावातच दिलेली तुमची लेक पास झाली. तुम्हाला हसू आलं असतं. मला मात्र सध्या हसू येत नाही, किळस येते. सकाळी चहाचा कप तोंडाला लावला तरी येते. कुणाला सांगावं तर ज्याला त्याला आपापलं मिटवून घ्यायचंय, आणि यातली निम्मी किळस तुमचीच आहे, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

डोंगराच्या अंगाला राहणारा धनगर तुम्हाला आठवत असेल. मी त्याला मामा म्हणायची. त्याची मेंढरं होती, उतारावर थोडी नाचणी होती, आणि डुकरांपासून ती राखायला परवान्याची ठासणीची बंदूक होती. त्या दिवशीचं आपलं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. हवालदार मांडी घालून बसलाय, आई त्याला मटण वाढतेय. बोकड मामानंच सकाळी आणून बांधलेला, परवाना पुढं चालू राहावा म्हणून. तुम्ही आणि हवालदार दुपारपासून पीत बसलेले. मामा बाहेर उंबऱ्याशी उकिडवा बसलाय, त्याच्याच बोकडाचा वास घेत. त्याला कुणी आत ये म्हणालेलं नाही. नळी चोखता चोखता हवालदार म्हणाला, "पाटील, हा गडी गांजाची चिलीम वढतो म्हनं. मग ह्याच्या हातात बंदूक कशी ठिवायची?"

मामानं नाही म्हटलं नाही. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नसावं. "पाय लई ठणाकत्यात, सायेब," तो म्हणाला. "सांजच्याला दोन झुरकं घेतो नि पडतो. त्या टायमाला बंदुकीला हात लावत न्हाई."

हे सांगताना तो तुमच्याकडे बघत होता. त्याची चिलीम साऱ्या गावाला ठाऊक होती, तुम्हालाही. पाय धड नसताना चढ चढून तो आपल्या गाभण गाईसाठी पाला आणून द्यायचा, तेही ठाऊक होतं. तुमचा एक शब्द पुरला असता. तुम्ही म्हणालात, "कायदा हाय, बाबा. नशा करनाऱ्याला हत्यार न्हाई." देशीनं तुमची जीभ जड झालेली आणि तुमची स्वतःची बाराबोरी बंदूक मागं माजघरात खुंटीला लटकलेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. बोलून गेले, "अण्णा, मंग तुमी तर रोज पिताय." तुम्ही माझ्या हातातला तांब्या हिसकावून चुलीकडं भिरकावलात. "बाप्यांच्या बोलन्यात त्वांड घालायचं न्हाई." हवालदार हसला. आईनं त्याला आणखी रस्सा वाढला.

मामानं बंदूक घोंगडीत गुंडाळून ठाण्यात नेऊन जमा केली. ना त्याच्यावर केस झाली, ना कुणी चिलीम पकडली. पाटलाचा शब्द पुरेसा होता. त्याच हिवाळ्यात बिबट्या त्याच्या मेंढरांत शिरला. बंदूक असती तर त्यानं नुसता हवेत बार काढला असता, जनावर पळालं असतं. त्याच्याकडं काठी होती आणि वाजवायला पत्र्याचा डबा. उरलेली मेंढरं विकून तो भुकूमला, इमारतींची कामं सुरू होती तिथं राखणदार म्हणून राहिला. तिथंच गेला. तुम्ही या गोष्टीचा पुन्हा विषय काढला नाहीत. मी वाट बघत होते, की कधीतरी जेवताना तरी काढाल.

आता या वर्षीचं सांगते. तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा, ज्याला तुम्ही खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचात, तो आता रिहे गावाच्या बाजूला प्लॉट विकायची कामं करतो. ओढ्याकाठच्या भातखाचरात त्यानं फार्महाऊस बांधलंय. शनिवार-रविवारी हिंजवडीहून पोरंपोरी येतात, गाणी लावतात. आवाजाची तक्रार आली म्हणून मी एकदा संध्याकाळी गेले, तर व्हरांड्यात गांजाचा धूर भरलेला. लपवालपवी काही नाही. तो म्हणाला, "ताई, नॅचरल हाय हे. दारू न्हाई." त्याच्या हातात छऱ्यांची बंदूक होती आणि तो खिदळत बांधावरच्या कुत्र्यावर नेम धरत होता. छर्रा लागला. कुत्रं केकाटत स्वतःभोवती फिरायला लागलं, तसं त्याला आणखी हसू आलं. पाहुण्यांतला चष्मेवाला पोरगा मला इंग्रजी मिसळत समजावून सांगायला लागला, की अमेरिकेत गांजा कितीतरी ठिकाणी दुकानात मिळतो, पण ओढणाऱ्याला बंदूक ठेवता येत नाही, त्यावरून तिथं कोर्टात भांडणं चालू आहेत, कारण तिथं बंदूक हा माणसाचा हक्क आहे. मी म्हटलं, आमच्याकडं हक्क नसतो, परवाना असतो. तो मान हलवत राहिला. कुत्रं अजून ओरडत होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चुलतभावानं पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. कारण, स्वसंरक्षण. पोलीस पाटील म्हणून ठाण्यानं माझं मत मागवलं. आई म्हणाली, "भावकीत वाकडं कशाला घ्यायचं? चांगला हाय म्हनून लिव नि मोकळी हो." मी जे बघितलं ते लिहिलं, गांजाही आणि कुत्रंही, आणि स्वतः ठाण्यात जाऊन दिलं. तिथल्या साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"ताई, त्याच्यावर केस आहे का?"

"केस नाही. पण मी डोळ्यांनी बघितलंय."

"डोळ्यांचं काय करू? जप्ती पाहिजे, पंचनामा पाहिजे, तपासणीचा रिपोर्ट पाहिजे. केस नाही म्हणजे गांजा नाही."

मी त्यांना मामाची गोष्ट सांगितली. एका माणसाची बंदूक नुसत्या पाटलाच्या बोलण्यावर गेली होती, म्हटलं. "तेव्हाचं तेव्हा," ते म्हणाले. "तुमचं मत लावतो फाईलला." चहा फार गोड होता. माझा अर्धाच झाला होता, तेवढ्यात त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

अण्णा, तुम्ही आज असतात तर काय लिहिलं असतंत, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. मला वाटतं, पुतण्याला निर्व्यसनी म्हणून मोकळे झाला असतात. त्याच जिभेनं, ज्या जिभेनं मामाला कायदा सांगितला होतात. कायदा तेव्हाही तोच होता, आताही तोच आहे. माणूस बघून तो कधी उठून उभा राहतो, कधी डोळे मिटून पडून राहतो. आणि तुमच्या खुर्चीत बसून मी काय केलं? खरं लिहिलं. त्या खऱ्याला कुणी हातसुद्धा लावला नाही.

परवाना मिळाला. परवा चुलतभाऊ पेढ्यांचा बॉक्स घेऊन आपल्या घरी, आईकडं आला; मी तिथंच होते. डोळे लाल, तोंडाला तोच वास, आणि सदऱ्याखाली कमरेला पिस्तूल. आईला सदरा वर करून दाखवलं. "काकू, आता भ्यायचं न्हाई कुनाला," म्हणाला. दृष्ट लागू नये म्हणून आईनं त्याच्यावरून बोटं मोडली. मग तो माझ्याकडं वळला. "ताई, तू काय लिवलं व्हतंस ते मला कळलंय. मी मनात ठेवत न्हाई. घरचंच मानूस हायेस तू." असं म्हणून त्यानं माझ्या तळहातावर पेढा ठेवला. म्हणजे त्यानं मला माफ केलं.

मला तो पेढा त्याच्या अंगावर फेकायचा होता. आई बघत होती. मी खाल्ला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुम्ही जिथं आहात तिथं टपाल जात नाही, आणि आईच्या हाती लागलं तर ती जेवणार नाही. लिहायचं एवढंच राहिलंय, की तो गेल्यावर, कुणी बघत नसताना, मी बॉक्स उघडला आणि दुसरा पेढा काढून खाल्ला.